शून्य तक्रारींची वस्ती

आमच्या वस्तीत एखाद्या घरातला रेडिओ बंद असला तर समजावं, तिथे कोणी राहत नाही किंवा कोणीतरी वारलं आहे. सकाळी सातपासून मी त्यावर बोलत असते. विमानाला किती उशीर आहे, दवाखान्यात आज डॉक्टर आहे की नुसती नर्स, कोणाच्या स्नोमोबिलचा पट्टा तुटला, कोणाला मूस हरीण मिळालं आणि मांस न्यायला कधी जायचं. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी बिंगोचे आकडे. मी डोरीन पोनास्क, वय वर्षं एकसष्ट. बायकोपेक्षा डोरीनचंच जास्त ऐकावं लागतं, अशी पुरुषांची कुरकुर असते. असू दे.

अधूनमधून मी आणखी एक गोष्ट सांगते. "आज अमकीच्या घरी चहा आहे."

यात गुपित काही नाही, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्या बाईवर नवऱ्याने हात उचलला, किंवा तो आता उचलणार असं तिला दिसतंय, ती मला फोन करते आणि म्हणते, "डोरीन, माझ्याकडे चहा." मी रेडिओवर सांगते. बायका हातातलं काम टाकून, आपापला कप घेऊन निघतात. सहा, आठ, कधी बारा. त्या घराच्या स्वयंपाकघरात मिळेल तिथे बसतात, चहा करतात, मणी ओवायला काढतात, कोणाच्या सुनेचे दिवस भरलेत यावर बोलतात. नवऱ्याला मात्र कोणी चकार शब्द बोलत नाही. उत्तर कॅनडातल्या आम्हा क्री आदिवासींत ती रीत नाही. मोठ्या माणसाला कसं वागावं ते शिकवायचं नाही आणि दुसऱ्याची गोष्ट आपण सांगायची नाही. पण चहा प्यायला कोणाची मनाई आहे? डझनभर बायका आपल्या स्वयंपाकघरात बसल्या आहेत आणि उठायचं नाव घेत नाहीत, हे बघून भलाभला गडी मुकाट्याने बूट चढवतो आणि भावाच्या घरी जाऊन झोपतो.

सगळ्यांत आधी पोचते किटी बिअर्डी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. स्वतःची घडीची खुर्ची घेऊन येते, कारण एकदा एका घरात बसायला गेली तर तिथल्या सगळ्या खुर्च्या मोडलेल्या होत्या. "मला उठवायला दोन माणसं लागतात," ती म्हणते. "ज्याला घाई असेल त्याने यावं आणि उठवावं." अजून कोणी आलेला नाही.

पूर्वी असं नव्हतं, आम्ही पोलिसांनाच फोन करायचो. धावपट्टीजवळ कुंपणाच्या आत पोलीस चौकी आहे, दोन कॉन्स्टेबल असतात, दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. बारा वर्षांपूर्वी आमच्यातल्या आयरीनने असाच फोन केला. तिच्या नवऱ्याला त्यांनी एक रात्र कोंडून ठेवलं आणि सकाळी सोडलं. दोन दिवसांनी विमानातून मुलांच्या विभागाची बाई उतरली. घरात मारहाण होते म्हणजे मुलं सुरक्षित नाहीत, असं तिच्या कागदावर होतं. ती आयरीनची दोन्ही मुलं घेऊन गेली. मुलं परत आली साडेतीन वर्षांनी, आणि धाकट्याला आईची भाषा कळेनाशी झाली होती. मारणाऱ्याला एक रात्र, मार खाणारीला साडेतीन वर्षं. हिशेब सगळ्या बायकांना नीट कळला. त्यानंतर वस्तीतून पोलिसांना एकही फोन गेला नाही.

आम्हाला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? आपलं आपण निभावतो, कोणाच्या दारात जात नाही. आमचा हा अभिमान कुठेतरी लांब एखाद्या तक्त्यात चढत असेल, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही.

महिन्यापूर्वी जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयाचं पत्र आलं. गेल्या चार वर्षांत आपल्या वस्तीतून स्त्रियांवरील हिंसेच्या शून्य तक्रारी आल्या आहेत, सबब चौकी बंद करण्यात येत आहे. पुढच्या बुधवारी इन्स्पेक्टर ऑल्ड्रिज येऊन लोकांशी बोलतील आणि गुरुवारी दोन्ही कॉन्स्टेबलना घेऊन परत जातील.

शुक्रवारच्या विमानाने डॅरेल येणार होता.

डॅरेल म्हणजे किटीचा एकुलता एक मुलगा, आणि लॉरेटाचा नवरा. लॉरेटा माझ्या बहिणीची मुलगी. तिला दोन मुलं, सहा आणि चार वर्षांची. पंधरा महिन्यांपूर्वी दोघं मुलांना इथेच ठेवून कामासाठी विनिपेग शहरात गेले असताना त्याने भर रस्त्यात तिचा जबडा फोडला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं, म्हणून तो चौदा महिन्यांसाठी आत गेला. ती तक्रार शहराच्या खात्यात मोडते, आमच्या नाही. तेव्हापासून लॉरेटा मुलांना घेऊन सासूकडे, म्हणजे किटीकडे राहते. त्याने लॉरेटाच्या शंभर मीटरच्या आत यायचं नाही, असा कोर्टाचा कागद तिच्याकडे आहे. त्याआधीच्या रविवारी त्याने आईला फोन केला होता, "शुक्रवारी येतोय. माझी खोली रिकामी करून ठेव." त्या खोलीत लॉरेटा आणि मुलं झोपतात.

डॅरेलपुढे चहा चालत नाही. तो शहरात जायच्या आधी एकदाच लॉरेटाच्या घरी चहा झाला होता. त्याने आरडाओरडा केला नाही. आतून बंदूक आणली, टेबलावर आडवी ठेवली आणि खुर्ची ओढून आमच्यात बसला. "काय गप्पा चालल्यात?" म्हणाला. किटी त्याला एवढंच म्हणाली, "नळी भिंतीकडे कर." त्याने केली. पण त्या दिवशी एकीच्याही घशाखाली घोट उतरला नाही, आणि त्याला अडवायचं काम आम्हाला जमणारं नाही हे तेव्हाच कळलं. कोर्टाचा कागद दाखवून त्याला अडवायला पोलीसच लागणार होते.

बुधवारी दुपारी एकला शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली. ऑल्ड्रिजबाई पन्नाशीच्या, उंच, बुटांवरचं बर्फ दारातच नीट झाडून आलेल्या. म्हाताऱ्यांसाठी इंग्रजीचं क्रीत भाषांतर करायला त्यांनी मला शेजारी उभं केलं. भिंतीवर तक्ता लावला. इतर वस्त्यांचे निळे खांब, आणि आमच्या नावापुढे काही नाही.

"तुमचं मनापासून अभिनंदन," त्या म्हणाल्या. "यापुढे गरज पडली तर दक्षिणेच्या ठाण्यातून विमान येईल. हवामान चांगलं असलं तर दोन तासांत."

मी भाषांतर केलं, "बाई म्हणतात, तुम्ही इतके सज्जन झालात की तुम्हाला आता पोलीस नकोत. मार खायचाच असला तर आभाळ निरभ्र बघून खा."

मागून एक बाई म्हणाली, "हे माझ्या नवऱ्याला लिहून द्यायला सांग!" हशा पिकला. ऑल्ड्रिजबाईसुद्धा हसल्या, का ते न कळता.

मग मी रेडिओची वही काढली. परवान्याच्या नियमाने मला रोजचं सगळं लिहून ठेवावं लागतं. चार वर्षांत चहा किती वेळा झाला ते मी आदल्या दिवशी मोजून ठेवलं होतं. एकशे त्रेचाळीस. चहा म्हणजे काय तेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या दाराशी उभ्या असलेल्या कॉन्स्टेबलकडे वळल्या. ट्रेम्ब्ले त्याचं नाव, तिसरा हिवाळा इथे काढतोय.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो मॅडम. दोनदा मी चहाच्या पुड्या पायरीवर ठेवून आलो होतो."

"आणि अहवालात?"

"तक्रार नव्हती, मॅडम. चहासाठी रकाना नाही."

बाईंनी माझ्याकडे हात पुढे केला. "या घरांची नावं मला द्या."

"ती माझी नाहीत."

"पण तुम्ही ती रेडिओवर सांगितलीत. सगळ्यांनी ऐकली आहेत."

"चहाला बोलवायला सांगितली. पोलिसांना लिहून द्यायची तर ज्या बाईची गोष्ट, तिनेच सांगायची."

"मग मला एक तरी तक्रार द्या," त्या म्हणाल्या, आणि त्यात आता रुबाब नव्हता. "एक नाव, एक तारीख, एक सही. तेवढ्यावर मी हा आदेश आजच्या आज थांबवीन. नुसती वही घेऊन मी वर काय सांगू? बायका चहा पितात?"

मी भाषांतर केलं. खोलीत शंभरेक माणसं होती. बायका आपापल्या बुटांकडे बघत बसल्या. निम्म्याजणींचे नवरे शेजारीच होते, काहींच्या सासवाही. लॉरेटा पुढच्याच रांगेत होती. तिने माझी बाही ओढली.

"मावशी, मी सांगू का?"

मी तिला थांबवलं आणि ऑल्ड्रिजबाईंना सगळ्यांसमोर विचारलं, "एखादीने तक्रार दिली, तर तिची मुलं नेणार का?"

बाई म्हणाल्या, "मी नेणार नाही. पण तक्रार देणाऱ्या बाईची लहान मुलं असतील तर मला मुलांच्या विभागाला कळवावंच लागतं. कायदा आहे. पुढे ते काय करतील ते माझ्या हातात नाही."

त्यांना खोटं बोलता आलं असतं. बोलल्या नाहीत, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला आणि लगेच इतका राग आला की भाषांतर करताना माझा आवाज चढला. मुलं घेऊन जायची तर एका दिवसात कळवतात, आणि नवऱ्याला लांब ठेवायचं म्हटलं की हवामान बघतात. लॉरेटाने माझी बाही सोडली. शेजारच्या वर्गातून तिच्या धाकट्याचा आवाज येत होता, तिकडे ती बघत राहिली.

"तिला विचार," किटी एकदम म्हणाली. ती आपल्या घडीच्या खुर्चीत कडेला बसली होती. "मुलं म्हणजे किती वर्षांपर्यंतची?"

मी विचारलं. "अठरा," बाई म्हणाल्या.

किटीने मान डोलावली आणि गप्प बसली. मिनिट गेलं, दोन गेली. कोणी चुळबूळ केली नाही. ऑल्ड्रिजबाई तक्ता गुंडाळायला लागल्या.

"थांबा," मी म्हटलं. "ती बोलतेय."

"ती तर गप्प आहे."

"आमच्यात बोलण्याची सुरुवात अशीच होते. बसा."

बाईंनी तक्ता खाली ठेवला. खुर्ची ओढली, किटीच्या समोर बसल्या, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वाट बघितली. तक्ता घेऊन आलेल्या या बाईने दिवसभरात शहाणपणाची एकच गोष्ट केली असेल तर ती ही. किती तरी वेळाने किटी बोलली.

"इथे बसलेल्या बहुतेकींची पोरं लहान आहेत. त्यांना तू तोंड उघडू देत नाहीस. माझं पोर एक्केचाळीस वर्षांचं आहे. घेऊन जा."

मला भाषांतर करायला जमेना. लॉरेटाने केलं.

"लिही," किटी म्हणाली. "मुलाचं नाव डॅरेल बिअर्डी. परवा विमानाने येतोय. गेल्याच्या आधीच्या सप्टेंबरात, ती दोघं शहरात जायच्या आधी, तो माझ्या घरी आला. लॉरेटा त्याच्याकडे परत जायला तयार नव्हती आणि मी तिला माझ्या खोलीत झोपवलं होतं. मी दार अडवून उभी राहिले. त्याने माझा हात दारात धरला आणि दार लावलं." तिने डावी बाही वर केली. कोपराखाली हाड वाकडं जुळलेलं होतं. चहाच्या घरांत इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसले, पण तिची बाही वर गेलेली कधी पाहिली नव्हती. "दवाखान्यात मी सांगितलं, बर्फावर पाय घसरला. नर्सने तसंच लिहून घेतलं. सप्टेंबरात बर्फ कुठलं, हे तिने विचारलं नाही. मीही म्हटलं, बरं झालं."

खाली बघणाऱ्या बायका आता तिच्याकडे बघत होत्या.

"एकशे त्रेचाळीस वेळा मी चहाला गेले," ती म्हणाली. "माझ्या घरी चहा आहे, असं डोरीनला कधी सांगितलं नाही. पोटचा पोर होता. लाज वाटली."

"तो परवा येतोय," ऑल्ड्रिजबाई हळू आवाजात म्हणाल्या. "या जबानीवर सही केलीत तर त्याला धावपट्टीवरच अटक होईल. तुम्हाला पुढे कोर्टातही हेच सांगावं लागेल. त्याच्यासमोर."

"मग काय, त्याच्या पाठीमागे सांगू?"

लिहायला अडीच तास लागले, कारण बाईंनी एकही वाक्य घाईने पुरं केलं नाही आणि किटीनेही नाही. सही झाली. तक्रारीला नंबर पडला. ऑल्ड्रिजबाईंनी तिथूनच फोन लावला आणि कॉन्स्टेबल गुरुवारी जाणार नाहीत असं ठरलं. वर्षभर तरी चौकी राहील, मग बघू, असं वरून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी तीन बायका चौकीत गेल्या. तिघींचीही धाकटी मुलं अठरा ओलांडलेली. तिघींत एक आयरीन होती. ज्यांच्या घरी पाळणा हलतोय त्यांच्यापैकी एकही गेली नाही. ऑल्ड्रिजबाईंनी ते पाहिलं. विमानात चढण्याआधी मला म्हणाल्या, "हे मी वर लिहिणार आहे. आईला शिक्षा होत असेल तर ती आमच्याकडे कशाला येईल, असं सरळ लिहिणार आहे."

"लिहा," मी म्हटलं. "मी वाट बघते. मला सवय आहे." काही हलेल असं मला वाटत नव्हतं, अजूनही फारसं वाटत नाही. पण निदान एका बाईला प्रश्न तरी कळला होता.

शुक्रवारी उणे एकतीस तापमान होतं. लॉरेटा आणि मुलं माझ्या घरी, दाराला कडी लावून. किटीला मी स्नोमोबिलमागच्या स्लेजमध्ये बसवून धावपट्टीवर नेलं. "तू कशाला येतेस?" मी दोनदा विचारलं. "उतरला की तो त्याला न्यायला आलेलं माणूस शोधेल," ती म्हणाली. "कोणीच नसलं तर?" तिच्या मांडीवर मूसच्या कातड्याचे, आत सशाची लोकर घातलेले नवे हातमोजे होते. ते तिने केव्हा शिवले कोण जाणे.

डॅरेल सगळ्यांच्या शेवटी उतरला. बारीक झाला होता, अंगात शहरातलं पातळ जाकीट. आईला बघून त्याचा चेहरा उजळला.

"आई, तू कशाला आलीस एवढ्या थंडीत?"

मग त्याला दोन्ही बाजूंना कॉन्स्टेबल दिसले. ट्रेम्ब्लेने कागद वाचून दाखवला. पहिल्या दोन ओळींत डॅरेलचं लक्षच नव्हतं.

"लॉरेटाने ना? त्या रांडेनेच दिली ना तक्रार?"

"मी दिली," किटी म्हणाली.

तो हसला. मग हसायचा थांबला. त्याची नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली. तिथून त्याने ती लगेच काढून घेतली. मी त्या माणसाचा आयुष्यभर तिरस्कार केला आहे. त्या क्षणीही करत होते, फक्त त्याच्याकडे बघवेना.

ट्रेम्ब्लेने कमरेच्या बेड्या हातात घेतल्या. किटी मध्ये आली.

"आधी त्याला हे घालू दे. त्याची बोटं लगेच गारठतात, लहानपणापासून."

ट्रेम्ब्ले बाजूला झाला. तिने मुलाचे हात एकेक करून हातमोज्यांत घातले, मनगटाशी दोऱ्या आवळल्या. त्याने हात घालू दिले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. मग बेड्या पडल्या. ज्या विमानाने तो आला त्याच विमानात त्याला परत चढवलं. ट्रेम्ब्ले सोबत जाणार होता. तो शेवटच्या पायरीवर असताना किटीने मला ढोसलं.

"त्याला सांग, माझा मुलगा सकाळपासून उपाशी असणार. शहरात उतरलात की आधी त्याला खायला घाल, मग कोठडीत घाल."

मी सांगितलं. ट्रेम्ब्ले "हो, आजी" म्हणाला आणि त्याने दार ओढून घेतलं.